बातमी का आली नाही? पत्रकारितेचं स्वातंत्र्य, दबाव आणि आपणच लावलेली कात्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काढली, त्यामुळे ओळखीचे, अनोळखी, पत्रकारितेचा कोर्स करणारी पोरं, तालुक्याचे वार्ताहर असे सगळेच फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केलेत. भर मुद्दाम महाराष्ट्रातल्या जिल्हा-तालुक्यावर आहे, कारण दिल्ली-मुंबईच्या चॅनेलांवर रोजच बोललं जातं, तालुक्याच्या पेपरबद्दल कोणी बोलत नाही.

१. पत्रकारांना संविधानात वेगळं स्वातंत्र्य आहे का?

नाही. 'प्रेस' हा शब्दच कलम १९ मध्ये नाही. तुम्हाला-मला जे बोलायचं स्वातंत्र्य १९(१)(अ) मध्ये आहे तेच पत्रकाराला आहे, आणि १९(२) मधली बंधनंही तीच, म्हणजे बदनामी, कोर्टाचा अवमान, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. त्यात वृत्तपत्राचं स्वातंत्र्य येतं हे कोर्टाने निकालांमधून सांगितलं. मराठी वाचकाने त्यातला एक निकाल तरी माहीत करून घ्यावा, तो म्हणजे सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार, १९६१. केंद्राने पेपरची किंमत आणि पानं यांची सांगड घालणारा कायदा आणि आदेश काढला होता, इतक्या पैशात इतकीच पानं, जाहिरातीच्या जागेवरही लगाम. सरकार म्हणत होतं की हे धंद्याचं नियमन आहे, लिहायला कुठे कोणी अडवलंय? सुप्रीम कोर्ट म्हणालं की किंमत वाढवायला लावली की खप घटतो, खप घटला की म्हणणं पोचत नाही, म्हणून हा स्वातंत्र्यावरच घाला आहे. म्हणजे पैशाच्या नाड्या आवळून तोंड बंद करता येतं हे आपल्या कोर्टाने साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

२. सेल्फ-सेन्सॉरशिप आणि संयम यात फरक काय? प्रत्येक गोष्ट छापायलाच हवी का?

अजिबात नाही. बलात्कार पीडितेची ओळख न देणं हा कायदाच आहे. दंगलीच्या दिवशी अफवा न छापणं, आत्महत्येचे तपशील न रंगवणं, दुसऱ्या बाजूचं म्हणणं येईपर्यंत बातमी एक दिवस थांबवणं, हा सगळा संयम. त्यात विचार वाचकाचा नाहीतर पीडिताचा असतो.

सेल्फ-सेन्सॉरशिपमध्ये विचार स्वतःच्या कातडीचा असतो. बातमी खरी आहे, कागद हातात आहेत, लोकांच्या कामाची आहे हे माहीत असूनही 'कशाला उगाच' म्हणून ती लिहिलीच जात नाही. ओळखायची माझी साधी खूण अशी की न छापण्याचं कारण संपादकीय मीटिंगमध्ये मोठ्याने सांगता येतं का? येत असेल तर बहुतेक वेळा तो संयम.

३. आता आणीबाणी थोडीच आहे, कोणी सेन्सॉर बसलेला नाही, मग दबाव येतो कुठून?

आणीबाणीत निदान समोर माणूस होता. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत पेपरांच्या छापखान्यांची वीज गेली, दुसऱ्या दिवसापासून पूर्व-सेन्सॉरशिप लागू. लढायचं कोणाशी हे स्पष्ट होतं, म्हणून लढणारेही निघाले. पुण्याचं साधना साप्ताहिक सेन्सॉरशी भिडलं. मिनू मसानींच्या फ्रीडम फर्स्ट मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला तेव्हा ते मुंबई हायकोर्टात गेले आणि १९७६ च्या फेब्रुवारीत, भर आणीबाणीत, कोर्टाने सेन्सॉरचे कान उपटले, की टीका दाबायला तुम्हाला तिथे बसवलेलं नाही.

आज हुकूमच निघत नाही तर आव्हान कशाला देणार? जाहिरात थांबते, बदली होते, मंत्र्याच्या दौऱ्याच्या गाडीत एका वार्ताहराला जागा नसते, मालकाच्या दुसऱ्या धंद्याची फाईल कुठेतरी अडकते. कोणी काही बोलत नाही आणि सगळ्यांना समजतं. मला विचाराल तर जिल्ह्यात सगळ्यात जास्त बातम्या धमकीने मरत नाहीत, ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याच्याच पैशावर वार्ताहराचं घर चालतं म्हणून मरतात. पुढचे तीन प्रश्न त्याचेच आहेत.

४. जाहिरातदार बातमी बदलतो म्हणजे नक्की कसं? फोन येतो का?

फोन क्वचितच येतो, त्याची गरजच पडत नाही. एक संध्याकाळ सांगतो, पेपर आणि कारखाना दोन्हींचं नाव घेत नाही.

ऑक्टोबर संपत आलेला, साडेसातला पानांचे डमी डेस्कवर आले. जाहिरातीचे चौकोन आधीच मारलेले असतात, उरलेल्या जागेत बातम्या बसवायच्या. पहिल्या पानाच्या तळाला साखर कारखान्याची सोलस, म्हणजे त्या पानावरची एकमेव जाहिरात, बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ, चेअरमनसाहेबांचा फोटो. आणि त्याच वेळी तालुक्यातून कॉपी आलेली, की याच कारखान्याने मागच्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाला सरकारने ठरवलेला किमान दर, थकवली, शेतकरी तहसीलवर बसलेत. नियम साधा आहे, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. वार्ताहराने व्याजाचा हिशोबही नीट लावून पाठवला होता.

कोणाचाही फोन आला नाही. डेस्कवरच्या माणसाने आपणहून हेडिंगमधलं 'एफआरपी थकवली' काढून 'एफआरपीसाठी शेतकऱ्यांचे निवेदन' केलं. कारखान्याचं नाव गेलं, 'तालुक्यातील एका कारखान्याने' झालं. व्याजाचा परिच्छेद जागेअभावी कापला. बातमी पान पाचवर सिंगल कॉलम. तांत्रिकदृष्ट्या बातमी 'लागली', खोटं एक अक्षर नाही, आणि ज्याच्यासाठी ती होती त्या शेतकऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

याचा परिणाम पुढच्या हंगामात दिसला. त्या वार्ताहराने व्याजाचा हिशोब पाठवलाच नाही, नंतर नंतर कारखान्याची बातमी म्हणजे मोळीपूजन आणि वार्षिक सभा एवढंच. त्याला कोणी 'लिहू नको' असं एकदाही म्हटलेलं नव्हतं.

कारखान्याच्या जागी पतसंस्था, दूध संघ, बिल्डर, मोठं हॉस्पिटल, क्लासवाले, शिक्षणसंस्था यातलं काहीही घाला.

५. सरकार आपल्या जाहिराती कोणाला द्यायच्या ते ठरवू शकतंच की, त्यात गैर काय?

पैसा सरकारचा नाही, आपला आहे. राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आणि केंद्रात पूर्वीचं डीएव्हीपी, आताचं केंद्रीय संचार ब्युरो, यांच्या यादीवर पेपर असतात, दर ठरलेले असतात. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात सरकारी जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं घातली आणि त्यात एखाद्याच माध्यमसमूहावर मेहेरनजर करू नका हेही आलं. लोकांच्या लक्षात राहिला फक्त जाहिरातीत कोणाचा फोटो चालेल आणि कोणाचा नाही तो वाद.

अडचण अशी की जाहिरात 'बंद केली' असं लेखी कधीच नसतं. पुढची येत नाही एवढंच. जुनी बिलं निघत नाहीत, जे छोट्या साप्ताहिकाला जास्त लागतं. नगरपालिका, झेडपीच्या टेंडर नोटिसांवर चालणारी साप्ताहिकं खूप आहेत आणि त्यांनी त्याच नगरपालिकेच्या टेंडरबद्दल लिहावं अशी आपली अपेक्षा असते, कमाल आहे.

६. तालुक्याच्या वार्ताहराला पगार किती असतो? तो जाहिराती का गोळा करतो?

बऱ्याच जणांना पगार नसतोच. मानधन असतं, काही ठिकाणी तेही नसतं, असतं ते जाहिरातीवरचं कमिशन. वर दिवाळी, वर्धापनदिन, नेत्याचा वाढदिवस यांच्या पुरवण्यांचं टार्गेट. म्हणजे सकाळी ज्या सरपंचाकडे गावतळ्याच्या कामाबद्दल प्रश्न विचारायचा, संध्याकाळी त्याच्याकडेच शुभेच्छांची क्वार्टर पेज मागायची. बाहेरच्यांना हे भ्रष्ट वाटतं. आतल्याला ही नोकरीची अट असते, आणि पैसे बुडाले तर कित्येकदा वार्ताहराच्याच हिशोबातून वळते होतात.

कायदा नव्हता असं नाही. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा होता, मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी केंद्राने २०११ मध्ये लागू केल्या, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या. मग मालकांनी लोकांना कॉन्ट्रॅक्टवर घेतलं, कोणाकडून 'मला नको' असं लिहून घेतलं, आणि तालुक्याचा वार्ताहर तर अनेकदा हजेरीपटावरच नसतो. म्हणून 'पत्रकारांनी निर्भीड व्हावं' असली भाषणं सहा जानेवारीला, पत्रकार दिनाला, ऐकली की मला चीड येते. बाळशास्त्रींच्या फोटोला हार घालणाऱ्यांपैकीच कोणीतरी उद्या पुरवणीचं टार्गेट देणार असतो.

७. पेड न्यूज म्हणजे हेच का?

नाही, तो पुढचा मजला. चौथ्या प्रश्नात बातमी गप्प केली जाते, पेड न्यूजमध्ये जाहिरातच बातमीचे कपडे घालून येते आणि वाचकाला सांगितलं जात नाही. याचं गाजलेलं प्रकरण आपल्याकडचंच. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा मजकूर वेगवेगळ्या मराठी पेपरांत, काही ठिकाणी शब्दन् शब्द सारखा, बातमी म्हणून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते बाहेर काढलं. विरोधात हरलेले उमेदवार माधवराव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. चव्हाणांनी आरोप नाकारला. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खर्चाचा हिशोब खरा की खोटा हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे, मग आयोगाचा आदेश त्यांच्याविरुद्ध गेला, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला. मधल्या काळात प्रेस कौन्सिलच्या, म्हणजे पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेच्या, दोन सदस्यांच्या समितीने पेड न्यूजवर नावांसकट सविस्तर अहवाल तयार केला होता, कौन्सिलने २०१० मध्ये त्याची कापलेली आवृत्ती स्वीकारली. म्हणजे विकलेल्या बातम्यांवरचा अहवालच दबला, आणि पूर्ण अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला.

८. पण पत्रकारच ब्लॅकमेल करतात, पाकीट घेतात, त्याचं काय?

करतात, काही जण. बांधकाम अनधिकृत आहे हे शोधायचं, बातमी करायची नाही, 'साहेब, बसू एकदा' म्हणायचं. हा खंडणीचा गुन्हा आहे, त्याला पत्रकारिता म्हणून सांभाळून घ्यायचं कारण नाही. पण याची दुसरी बाजू कमी लोक बघतात. असे भामटे असल्यामुळे खऱ्या बातमीवरही 'पैसे मागितले, दिले नाहीत म्हणून छापलं' असं म्हणणं फार सोपं झालंय, आणि वार्ताहरावर खंडणीची तक्रार झाली की महिनाभर तो पोलीस स्टेशनच्याच फेऱ्या मारतो. माझा सल्ला इतकाच की प्रतिक्रिया घ्यायला एकटे जाऊ नका, प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर लेखी पाठवा, आणि ज्याच्यावर बातमी चालू आहे त्याच्याकडे त्या महिन्यात जाहिरात मागायला जाऊ नका. शेवटचं पाळणं किती अवघड आहे ते सहाव्या प्रश्नात आलंच आहे.

९. शंभर कोटींच्या अब्रुनुकसानीची नोटीस आली. घाबरायचं का?

आकड्याला घाबरू नका, नोटीस म्हणजे खटला नव्हे. पण दुर्लक्षही करू नका, वकिलाला दाखवा, उत्तर द्या.

बदनामी दोन प्रकारची. दिवाणीत नुकसानभरपाई मागतात, तिथे बातमी खरी आहे हे सिद्ध झालं की बहुतेक विषय संपतो. फौजदारीत, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि तिथे नुसतं खरं असून भागत नाही, छापण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. हे कलम जुन्या ४९९-५०० चंच नवं रूप, आणि फौजदारी बदनामी घटनेत बसते असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये म्हटलंय. ही वाट जुनी आहे. टिळक आणि आगरकर पहिल्यांदा तुरुंगात गेले ते राजद्रोहासाठी नाही, कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ मध्ये, डोंगरीला. आणि ज्या पत्रांच्या आधारे छापलं ती पत्रंच बनावट निघाली होती, म्हणून कागद तपासा, कागद तपासा.

कामाला येणाऱ्या दोन गोष्टी. एक, नगरपालिका, झेडपी, सरकार यांना संस्था म्हणून बदनामीची भरपाई मागता येत नाही, १९९४ च्या राजगोपाल निकालात हे आलंय, अधिकारी मात्र वैयक्तिक मागू शकतो आणि मंत्र्यासाठी सरकारी वकील फौजदारी तक्रार करू शकतो. दोन, सुनावणीआधीच बातमी काढायला लावणारे एकतर्फी मनाई हुकूम सरसकट देऊ नका असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्गच्या प्रकरणात खालच्या कोर्टांना बजावलंय. तुमच्या वकिलाला हे माहीत नसेल तर सांगा.

खरी शिक्षा तारखांची असते. मोठ्या पेपरला वकील असतो, वार्ताहराला एसटीचं तिकीट स्वतः काढून जावं लागतं. पेपरने लेखी हमी दिली नसेल तर नोटिशीत तुमचं नाव असल्यावर तुम्ही एकटे आहात असंच धरून चाला.

१०. हल्ला झाला तर महाराष्ट्रात पत्रकार संरक्षण कायदा आहे ना?

आहे. विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून २०१९ मध्ये लागू झाला. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास डीवायएसपी दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, शिवाय मोडतोडीची भरपाई. खोटी तक्रार केली तर पत्रकारालाही शिक्षा.

कागदावर चांगला आहे. अडचणी अशा की पोलीस साधी मारहाणीची कलमं लावून मोकळे होतात आणि हे कलम मागून घ्यावं लागतं. शिवाय धमकी, बहिष्कार, नोकरी घालवणं यापुढे तो कायदा काय करणार? आणि कायदा लागू असतानाच ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. बारसू रिफायनरीच्या वादात ते सतत लिहीत होते, आणि ज्याच्याबद्दलची बातमी त्याच सकाळी त्यांच्या पेपरात आली होती त्यालाच पोलिसांनी आरोपी म्हणून अटक केली. मुंबईत पत्रकार जे. डे यांचा खून झाला तेव्हा, २०११ मध्ये, देशभर गाजावाजा झाला. राजापूरची बातमी मुंबईत किती दिवस चालली ते आठवून बघा. छोट्या गावात बातमी लिहिणारा आणि बातमीतला माणूस एकाच पेट्रोल पंपावर येतात, हा फरक शहरातल्यांच्या ध्यानात येत नाही.

११. माझं यूट्यूब चॅनेल आहे. मला हा कायदा लागू होतो का? आणि अधिस्वीकृती कार्ड नसेल तर मी पत्रकार नाही का?

कार्ड म्हणजे लायसन्स नाही. सरकारी सोयी, प्रवेश यासाठी ते आहे, तालुक्यात मोजक्यांकडेच असतं. कार्ड नाही म्हणून प्रश्न विचारता येत नाही असं कोणी म्हणालं तर ते खोटं.

संरक्षण कायद्याचं मात्र त्रांगडं आहे. व्याख्येत माध्यमसंस्थेत नोकरी किंवा कॉन्ट्रॅक्टवर असलेला, मुख्य व्यवसाय पत्रकारिता असलेला माणूस येतो. एकट्याने मोबाईलवर चॅनेल चालवणारा त्यात बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतात आणि घालतात. २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा छापील प्रकाशनांचा आहे, त्यामुळे 'आमचं चॅनेल सरकारमान्य' असं जे कार्ड हजारभर रुपयात मिळतं ते फसवणूक समजा.

१२. मग यूट्यूबवर तरी स्वातंत्र्य जास्त आहे ना?

सुरुवातीला असतं, कारण मालक नाही. नंतर व्ह्यूजचे पैसे पुरत नाहीत आणि त्याच क्लासवाल्याची, त्याच नेत्याची 'मुलाखत' घ्यावी लागते, म्हणजे परत चौथा प्रश्न. सरकारच्या बाजूने बघाल तर व्हिडिओ देशात ब्लॉक होतो आणि कारण कळत नाही. मुंबई हायकोर्टाने मात्र दोनदा ब्रेक लावलाय. २०२१ मध्ये, निखिल वागळे आणि द लीफलेट यांच्या याचिकांवर, डिजिटल बातम्यांना आचारसंहितेची सक्ती करणाऱ्या नियमाला स्थगिती दिली. २०२४ मध्ये, कुणाल कामराच्या याचिकेवर, सरकारने स्वतःबद्दलच्या बातम्या खऱ्या की खोट्या ठरवण्याची फॅक्ट चेक युनिटची तरतूद रद्द केली. त्यात दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं गेलं होतं, तिसऱ्याने निकाल लावला, इतकं ते अटीतटीचं होतं.

१३. पोलीस म्हणतात सोर्स सांग. नाही म्हणता येतं का?

प्रेस कौन्सिलसमोर चालू असलेल्या कामात येतं, तिच्या कायद्यातच तसं आहे. कोर्टात आणि तपासात तसा सरळ हक्क नाही, कोर्टं कधी ऐकून घेतात कधी नाही. मोबाईल जप्त झाला तर सोर्सचं नाव न सांगताही सांगितल्यासारखंच आहे, म्हणून नाजूक माणसाचा नंबर खऱ्या नावाने सेव्ह करू नका आणि कागदाचा फोटो आला की मूळ मेसेज ठेवू नका. त्यात आता २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम ८(१)(ञ) बदललं, 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं झालं. लाभार्थ्यांच्या यादीतले बोगस शोधायला आरटीआय हे मोठं हत्यार होतं. तो कागद सरळ मिळणार नसेल तर आतल्या माणसावरच अवलंबून राहावं लागतं, म्हणजे तोही जास्त धोक्यात.

१४. पत्रकारितेच्या स्वातंत्र्याच्या जागतिक यादीत २०२५ मध्ये भारत १५१ वा, हे खरं की परदेशी कावा?

रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२५ च्या यादीत १८० देशांत १५१ वा होता, आदल्या वर्षी १५९ वा, त्याआधी १६१ वा. यादी प्रश्नावली आणि घटनांच्या नोंदींवर बनते, सरकारला तिची पद्धत मान्य नाही. मी या नंबरावर वाद घालत नाही. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षभरात कारखान्याविरुद्ध किती बातम्या आल्या ते मोजा, हे मोजमाप कोणीही करू शकतं.

१५. वाचक म्हणून बातमी दाबली गेली हे ओळखायचं कसं?

एका दिवसाच्या अंकावरून नाही ओळखता येत, पण या खुणा बघत राहा. मोर्चा निघाला हे छापलंय पण कशासाठी, कोणाविरुद्ध ते नाही. 'एका नामांकित हॉस्पिटलमध्ये', 'शहरातील एका संस्थेत' अशी निनावी बातमी, पण चोरीतल्या गरीब आरोपीचं नाव, गाव, वय सगळं. आरोप न छापताच थेट खुलासा छापलेला, हे तर हमखास. आणि निवडणुकीत सगळेच उमेदवार 'प्रचारात आघाडीवर' असतील तर सातवा प्रश्न वाचा.

तक्रार करायची तर आधी संपादकाला लेखी, मग प्रेस कौन्सिल, दैनिक-साप्ताहिकासाठी दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल समज देते, नापसंती व्यक्त करते, दंड करू शकत नाही, आणि चॅनेल तिच्या कक्षेत येत नाहीत.

१६. माझी बातमी पेपरने थांबवली. राजीनामा द्यायचा का?

ईएमआय असेल तर घाई नको. आधी विचारा की काय कमी आहे, आणि उत्तर शक्यतो मेसेजवर घ्या, कधीकधी खरंच एक बाजू राहिलेली असते. तरीही थांबली तर जिल्ह्यात जुनी रीत आहे, बातमी दुसऱ्या पेपरच्या मित्राला 'पास' करायची. त्याच्याकडे लागली की तुमच्या पेपरला 'आपल्याकडे का नाही' म्हणून दुसऱ्या दिवशी घ्यावीच लागते, आणि बऱ्याचदा ती मागणारा तोच असतो ज्याने थांबवली. तुमच्या नियुक्तिपत्रात मजकूर बाहेर द्यायला मनाई असेल तर हा करारभंग ठरू शकतो, त्यामुळे तुमची लिहिलेली कॉपी देऊ नका, कागद कुठे मिळतील तेवढंच सांगा. सगळ्याच पेपरांना त्याच कारखान्याची सोलस असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. मग शेतकरी संघटनेच्या माणसाला पत्रकार परिषद घ्यायला सांगा, त्यात त्याने व्याजाचा आकडा कागदासकट वाटला की तो 'आरोप' म्हणून तरी छापावा लागतो.